बारा थेंब

आमच्या अंगणातल्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आमच्या वाशिंद गावाखाली सगळा काळा कातळ. पावसाचं पाणी मातीतून, भेगांतून मुरताना त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच खाली उतरतं. पहिल्या वर्षी हेच पाणी मी बेधडक फिशटँकमध्ये ओतायचो.

पीएच ७.८ दिसला की दुकानातून आणलेलं आम्ल टाकायचो. तासाभरात ६.८, मी खूश. सकाळी पुन्हा साडेसातच्या वर! चार दिवस ही ओढाताण चालली आणि पाच रास्बोरा मासे तळाशी आडवे झाले.

तेव्हा कुठे केएच, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट, मोजायचं किट उघडलं. पाच मिलिलिटर पाणी, एकेक थेंब मोजत जायचं. निळं पाणी ज्या थेंबाला पिवळं होईल, तो आकडा. बाराव्या थेंबाला पिवळं झालं. बायकार्बोनेटचा एवढा साठा असल्यावर माझं आम्ल त्यातच खर्ची पडत होतं. त्यातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरायचा. रात्रभर हवेच्या पंपाने तो वायू उडवला की पीएच पुन्हा वर. पीएचच्या मागे धावणं मी त्या दिवशी सोडलं.

या पाण्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती मात्र मजेत होती. कार्बन डायऑक्साइड कमी पडला की ती बायकार्बोनेटच वापरते. पान बोटांतून ओढलं की चुन्याची कचकच लागायची. शेजारच्या लाल रोटाला वनस्पतीचे शेंडे मात्र आखडलेले.

मुंबईतल्या मावसभावाला ही कटकट नाही. त्याच्या नळाचं पाणी चार थेंबांत पिवळं होतं. त्यातलं बरंचसं भातसा नदीचं, आमच्याच गावाशेजारून वाहत पिसे बंधाऱ्याकडे गेलेलं. असो.

मी पावसाकडे वळलो. जूनच्या पहिल्या सरी पत्र्यावरची धूळ धुण्यासाठी सोडून द्यायच्या. एकदा पाणी नव्या सिमेंटच्या हौदात साठवलं, तर चुन्यामुळे पीएच नऊच्या पुढे! आता दोनशे लिटरचे तीन प्लास्टिकचे ड्रम आहेत. नुसतं पावसाचं पाणीही चालत नाही. केएच शून्यावर आला की पीएच कधी कोसळेल नेम नाही. दोन बादल्या पावसाच्या, एक बोअरची. चार थेंब.

आठवड्याला वीस लिटर धरले तर ड्रम मेपर्यंत पुरतात. यंदा एप्रिलातच तळ दिसला, म्हणून प्रमाण हळूहळू उलटं केलं. सध्या आठ थेंब. व्हॅलिस्नेरियाचं पान पुन्हा कचकचायला लागलंय.