पांढरं पातळ करडं का येतं?



आमच्या घरात सासऱ्यांचा एकच फोटो आहे, आणि तो त्यांचा वाटत नाही. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात ते मागच्या रांगेत उभे होते. त्यातला नखाएवढा चेहरा मोठा करून, वर हाताने रंगकाम करून फ्रेम झाली. सासूबाई अजूनही त्याच्याकडे बघून म्हणतात, "ह्यांचं नाक असं नव्हतं गं." आता त्या एक्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कॅमेरा शिकायची हौस वगैरे मला नव्हती, हे आधीच सांगते.

कॅमेरा घरात पडून होता. मुलाने नवा फोन घेतला, तेव्हा पुण्याहून येताना तो पिशवीतून घेऊन आला आणि म्हणाला, "आई, हिरव्या चौकोनावर ठेव, बाकी तो बघतो." सोबत दोन लेन्स होत्या, एक १८-५५ ची आणि एक छोटीशी ५० ची.

आता आमचं घर कसं, ते सांगायला हवं. हातखंब्याला तिठ्यापासून आत, जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे जून ते सप्टेंबर उजेड हा रेशनवर मिळाल्यासारखा. आणि सासूबाई कायम पांढऱ्या पातळात. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, लख्ख उजेड सहन होत नाही.

हिरव्या चौकोनावर पहिला फोटो काढला तर कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश टुणकन उभा राहिला आणि पेटला. सासूबाईंनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. फोटोत काय, तर चष्म्यात दोन पांढरे गोळे, पातळ पेटल्यासारखं आणि मागे काळोख. त्या दिवशी त्यांनी मला दुसरा काढू दिला नाही. मी फ्लॅश बंद करायचं बटण शोधलं आणि दोन दिवसांनी, त्या माळ घेऊन बसलेल्या असताना, गुपचूप पुन्हा काढला. या वेळी पातळ करडं आलं, मळल्यासारखं. दाखवलं तर म्हणाल्या, "नीळ टाकायची विसरलीस काय?"

चाळीस वर्षं मी त्या घरातली पांढरी पातळं धुते आहे. मला ते लागलं!

नातीला फोन केला. ती म्हणाली, आजी, कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळतच नाही. समोर पातळ आहे की पाटी, हे त्याला माहीत नसतं. तो फक्त येणारा उजेड मोजतो आणि सगळं मिळून मधल्या करड्या रंगाचं यावं असा हिशेब करतो. म्हणून फोटोवाल्यांकडे मुद्दाम करडं कार्ड असतं, १८ टक्के उजेड परत पाठवणारं. पांढरं भरपूर दिसलं की कॅमेरा म्हणतो, फार उजेड झाला, कमी करा. काळं दिसलं की म्हणतो, वाढवा. म्हणजे पांढरं पातळ करडं, आणि काळं मांजरही करडंच.

हे कळलं आणि माझ्यातली सांगलीची बी.कॉम. जागी झाली. ऑटो म्हणजे मुनीमजींच्या भरवशावर दुकान. रोज बरं चालतं, पण गिऱ्हाईक वेगळं आलं की मुनीमजी नेहमीचाच भाव सांगतात.

वही घेतली आणि तीन रकाने आखले. उजेड आत येतो तो तीन गोष्टींनी ठरतो. पहिली ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं भोक केवढं. दुसरी शटर, म्हणजे ते किती वेळ उघडं. तिसरी आयएसओ, म्हणजे आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो. भोकाचा आकडा मोठा तर भोक लहान, इथे सगळ्याच बायका अडकतात, मीही अडकले. पण तो अपूर्णांक आहे. ५० ची लेन्स, भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक. भागिले ८, म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही पट्टी पहिल्यांदा विचित्र वाटते, पण दर पायरीला दोनाच्या वर्गमुळाने गुणलेलं आहे, आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. शटरचं सोपं आहे, १/६० च्या निम्मं १/१२५ (तेवढी पाचाची सूट त्यांनी घेतली आहे). आयएसओ ४०० चा दुप्पट ८००.

म्हणजे एका रकान्यात खर्ची टाकलं की दुसऱ्यात जमा करायचं, ताळेबंद तोच राहतो. आयएसओ ही मात्र उसनवारी. घेता येते, पण व्याज लागतं, आणि ते व्याज फोटोत रव्यासारखे दाणे दिसतात त्या रूपाने.

कॅमेऱ्याच्या डायलवर एव्ही, टीव्ही आणि एम अशी अक्षरं आहेत. टीव्ही म्हणजे दूरदर्शन नव्हे, टाइम व्हॅल्यू. निकॉनवाल्या मैत्रिणींना तिथे ए आणि एस दिसेल, काम तेच. एव्हीवर भोक आपण ठरवायचं, वेळ कॅमेरा ठरवतो. टीव्हीवर उलटं. एमवर दोन्ही आपण. पहिल्या दोघांना अर्ध-स्वयंचलित म्हणतात, आपल्या जुन्या वॉशिंग मशीनसारखं, पाणी आपण भरायचं आणि फिरवायचं काम तिचं.

टीव्हीची गंमत मी निवळीच्या धबधब्यावर पाहिली. हायवेवरूनच दिसतो तो. चातुर्मासात ओल्या गवतातून खाली उतरणं मला बरं वाटत नाही, पायाखाली काय काय येतं, म्हणून वर रस्त्याच्या कडेला कठड्यावर कॅमेरा टेकवून उभी राहिले. १/१००० ला थेंबन् थेंब सुटा दिसला. १/४ ला तेच पाणी मलमल पसरल्यासारखं झालं. हे गाडीत बसून म्हणाले, "शंभर काढून एक चांगला येत असेल, तर आपलं दुकान केव्हाच बंद पडलं असतं." पण तो मलमलीचा फोटो त्यांनीच मग सगळ्या व्याह्यांना पाठवला.

घरात मात्र कामाचं एव्ही. छोटी लेन्स लावली, आकडा १.८ वर नेला, फ्लॅशची गरजच संपली. एव्हीवर फ्लॅश आपणहून उठत नाही, हे सगळ्यात मोठं सुख. आणि पातळासाठी एक बटण सापडलं, अधिक-उणे असं लिहिलेलं. ते दाबून डायल फिरवली की कॅमेऱ्याला सांगता येतं, तू म्हणतोस त्यापेक्षा एक पायरी जास्त उजेड घे. अधिक एक केलं आणि पातळ पांढरं आलं. मी त्या बटणाला नीळ म्हणते. सुरकुत्या दिसल्या, पदराचा काठ दिसला.

एवढ्यावर थांबले असते, पण दोन अडचणी आल्या. एक, १.८ ला फक्त नाकाचा शेंडा रेखीव येत होता आणि कान धुक्यात. २.८ ला दोन्ही डोळे नीट आले. दुसरी अडचण जास्त चिवट होती. सासूबाई पडवीच्या खिडकीशी बसत. मी जरा उजवीकडे सरकले की त्यांच्या मागे माजघराचा काळोख यायचा, आणि लगेच कॅमेरा उजेड वाढवून त्यांचा चेहरा पिठासारखा करायचा. डावीकडे सरकले की मागे अंगण, आणि चेहरा काळवंडायचा. त्या जागेवरून हललेल्या नाहीत, खिडकीतला उजेड तोच, मग फोटो दर वेळी वेगळा का? कारण उजेड बदलत नव्हता, कॅमेऱ्याचं मत बदलत होतं. दर वेळी नीळ किती टाकायची हे मी मागून धावत ठरवत होते.

एमची भीती तिथे गेली. मॅन्युअल म्हणजे दर फोटोला कसरत, असं मला वाटत होतं, आणि ते उलटं निघालं. उजेड स्थिर असेल तर आकडे एकदाच ठरवायचे आणि मग कॅमेऱ्याकडे बघायचंच नाही, माणसाकडे बघायचं. मोजायचं कसं, तर जवळ जाऊन खिडकीच्या उजेडातला पदर सगळ्या चौकटीत भरायचा. खाली मोजपट्टी दिसते, मध्ये शून्य. पदर पांढरा आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून काटा शून्यावर आणायचा नाही, अधिक दीडच्या आसपास आणायचा. ते आकडे ठेवून मागे यायचं. एक फोटो काढून बघायचा, पदर जळून कोरा झाला असेल तर पडद्यावर तो भाग लुकलुकतो (तशी सोय सेटिंगमध्ये चालू करावी लागते). लुकलुकलं तर थोडं कमी करायचं. बस्स.

माझे आकडे होते एफ २.८, १/६०, आयएसओ ८००. पण सासूबाईंची मान हल्ली किंचित हलते, १/६० ला डोळे पुसट आले. मग १/१२५ केलं आणि उसनवारी १६०० वर नेली. उजेड तेवढाच. दाणे आले थोडे, पण दाणेदार आई चालेल, पुसट नको, असं ह्यांनी स्वतःच सांगितलं. एक इशारा देते, ढग पळत असतील तर एम नको. ऊन-सावलीच्या खेळात आपले आकडे शिळे होतात, तेव्हा एव्हीच बरं. आणि एप्रिलच्या कडक उन्हात अंगणात तर मीटरचीही गरज नाही. फिल्मच्या काळातल्या फोटोवाल्यांचा नियम आहे, लख्ख उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओएवढं, म्हणजे १०० ला १/१००, जवळचं १/१२५. वाळत घातलेल्या आमसुलांवर करून पाहिलं, अचूक आलं.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली, ती तुम्हाला सांगायचीच होती. राजा दीनदयाळ हे नाव तुम्ही ऐकलं असेल, निजामाचे फोटोग्राफर. १८४४ साली मेरठजवळ सरधन्याला जैन घरात जन्म, रुरकीला इंजिनिअरिंगचं शिक्षण, इंदूरला सरकारी नोकरी आणि तिथे फोटोचा नाद. १८९६ च्या सुमारास मुंबईतही त्यांचा स्टुडिओ होता. पण मला आवडलं ते वेगळंच. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या ताब्यात दिला, कारण पडद्यातल्या बायका पुरुषासमोर फोटोला बसत नसत. त्या काळी काचेच्या पाटीवर फोटो घ्यायचा आणि उजेडाचा अंदाज फोटो काढणाऱ्यानेच बांधायचा, चुकलं तर पाटी वाया. त्या बाईंना हे सगळं हाताने जमत होतं, मग माझ्याकडे तर लुकलुकणारा पडदा आहे.

तर तो फोटो. श्रावणातली संध्याकाळ, पाऊस थांबलेला. आपण दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या बायका, उजेड अजून किती वेळ आहे हे आपल्याला घड्याळाशिवाय कळतं. मला साधारण अर्धा तास दिसत होता. सासूबाईंचं जेवण झालं होतं, त्या खिडकीशी बसल्या. मी आधीच पदरावर मोजून ठेवलं होतं. "परत ते कशाला आणलंस?" म्हणाल्या. मी म्हटलं, पेटणार नाही, शपथ. कोपर धान्याच्या कोठीवर टेकवलं आणि त्यांना माहेरचं विचारलं, विहिरीवरच्या मोटेचं. त्या सांगत राहिल्या, मी मध्ये मध्ये दाबत राहिले. एकोणीस फोटो झाले. सतरा फुकट. एकात डोळे मिटलेले. एकात त्या मोटेवरच्या बैलाचं नाव आठवत होत्या, मान जराशी वर, तोंड अर्धं उघडं, पातळ पांढरं, नाक त्यांचंच.

रत्नागिरीला जाऊन ह्यांनी आठ बाय दहाचा प्रिंट करून आणला. सासूबाईंनी भिंग घेऊन बराच वेळ पाहिला. पातळाचं काही बोलल्या नाहीत, म्हणजे पास. मग म्हणाल्या, "मी असेपर्यंत भिंतीला लावायचा नाही." बरोबरच आहे, आपल्याकडे भिंतीवर कोण जातं ते आपल्याला माहीत आहे. मी तो माझ्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला.

गेल्या आठवड्यात त्यांनीच मागून घेतला. आता तो त्यांच्या उशाखाली असतो. मी अंथरूण घालताना उचलून परत ठेवते.