पाव किलोचं हेलिकॉप्टर

चीता हेलिकॉप्टरचं रिकामं वजन १,०२१ किलो. त्याची सोळापट लहान प्रतिकृती केली तर तिचं वजन किती भरावं? कुणालाही विचारा, झटकन उत्तर येतं, चौसष्ट किलो. पण लांबी सोळाने घटते, रुंदी सोळाने घटते आणि उंचीही सोळाने घटते. म्हणून वजनाला ४,०९६ ने भागायचं. उरतात जेमतेम अडीचशे ग्रॅम, वाण्याच्या पुडीतली पाव किलो साखर. तीन वर्षं हा आकडा मी कामाच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवला होता.

सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी हयात गेली. साचे, जिग, व्हर्निअर यांच्याशी हाताची ओळख होती. नाशिक रोडच्या बाजूला गांधीनगरला लष्कराचे वैमानिक शिकतात, त्यामुळे डोक्यावरून जाणारं चीता आम्हाला आवाजावरूनच कळायचं. निवृत्तीनंतर आधी किटवर हात बसवला. ट्रम्पेटरचं १/३५ प्रमाणातलं एमआय-१७ केलं. पाच पात्यांचा, साठ सेंटिमीटर व्यासाचा रोटर, भरदार देह. किटमध्ये प्रत्येक भागाला क्रमांक असतो आणि अंग बंद केलं की आतलं सगळं झाकलं जातं. मला मात्र असं यंत्र करायचं होतं, ज्यात झाकण्यासारखं काही नाही.

चीता तसंच आहे. शेपटीवर पत्रा नाही, नुसत्या नळ्यांचा सांगाडा. रोटरच्या खांबामागे आर्तूस्त इंजिन उघड्यावर बसलेलं. चीताच्या जन्माची गोष्टही वजनाचीच आहे. भारतीय सैन्याला उंच पहाडात चालणारं हेलिकॉप्टर हवं होतं. फ्रेंच अभियंत्यांनी जुन्या अल्युएत-२चा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर मोठ्या अल्युएत-३चं इंजिन आणि रोटर चढवला. १७ मार्च १९६९ ला ते पहिल्यांदा उडालं, लामा या नावाने. बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते बांधायला घेतलं तेव्हा त्याचं चीता झालं. अल्युएत-३ आपल्याकडे आधीपासून चेतक म्हणून बनत होतंच. २१ जून १९७२ ला वैमानिक झाँ बूले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेलं, तेही त्यातली अनावश्यक उपकरणं काढून टाकून.

मी शेपटीपासून सुरुवात केली. प्लायवूडवर आराखडा चिकटवला, टाचण्या ठोकल्या आणि त्यांच्यामध्ये दीड मिलिमीटर जाडीच्या पितळी तारा बसवल्या. त्यांना जोडणारे तिरपे दुवे एक मिलिमीटरचे. सोनार ज्याला झाळणं म्हणतात, तेच हे काम. एक सांधा झाळला की ती उष्णता तारेतून धावते आणि शेजारचा सांधा सुटतो. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या सांध्यावर ओला कापूस ठेवायचा आणि कामाचा क्रम आधी ठरवायचा. इकडचा एक, मग पार तिकडचा एक. घाई केली की अख्खी शेपटी पीळ खाते, आणि तो पीळ मागे रोटर बसवल्यावर डोळ्यांना खुपतो. दोन शेपट्या अशाच मोडीत गेल्या.

पुढच्या काचेच्या घुमटाने दुसराच धडा दिला. त्यासाठी सागवानी साचा कोरला आणि त्यावर तापवलेलं पारदर्शक शीट ओढलं. थंड झाल्यावर पाहिलं तर लाकडाची प्रत्येक रेघ काचेत उमटलेली. साचा भरून, घासून आरशासारखा केला तेव्हा त्या रेघा गेल्या. पण दिवस आषाढाचे होते. शीट तापवलं की आत बारीक बुडबुडे उठायचे. प्लास्टिक हवेतली ओल पितं, हे मला तेव्हा अंगावर आल्यावर कळलं. मग आधी मंद आचेवर शीट कित्येक तास वाळवायचं आणि नंतरच साच्यावर घ्यायचं, असा नेम केला.

पाती मी आधी उलटी कोरली. माझ्यासमोरची पुस्तकं अमेरिकन हेलिकॉप्टरांची होती. वरून पाहिलं तर त्यांचे रोटर घड्याळाच्या उलट फिरतात, फ्रेंच रोटर घड्याळाबरोबर. म्हणजे पात्याची जाड, गोल कड दुसऱ्या बाजूला हवी. तिन्ही पाती घासूनपुसून तयार होती, ती बाजूला ठेवली आणि नव्याने बसलो.

खरी परीक्षा त्यापुढे होती. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या भाराने टोकाकडे खाली झुकतात. सोळापट लहान पातं मात्र झुकत नाही. आकार घटला की वजन फार वेगाने घटतं, त्या मानाने कणखरपणा उरतो. सरळ पात्यांचं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, कारण त्यात भार दिसत नाही. जो भार मॉडेलमध्ये नाही, तो हाताने घडवावा लागतो. बाक दिलेल्या फळीवर मी प्लायच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून रात्रभर दाबून ठेवल्या. सकाळी सोडल्या तर बाक कायम. तशी तीन पाती जुळवली. मध्यावर त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या तारा असतात, त्या पोलादी बारीक तारेच्या केल्या.

आमच्या गल्लीत चीतावर काम केलेले एक निवृत्त तंत्रज्ञ राहतात. त्यांना बोलावलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एका पात्याच्या टोकाखाली त्यांनी तळहात नेला, जड वस्तू पेलावी तसा. म्हणाले, “वारं सुटलं की हे आधी बांधायचं.” त्या तळहाताने भार ओळखला, याहून मोठी पावती मला नको होती.

खऱ्या चीताला भाराचा हिशेब सियाचेन हिमनदीवर द्यावा लागतो. १३ एप्रिल १९८४ ला तिथे भारतीय सैन्याचं ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी चीतांनीच ‘बिलाफोंड ला’ या खिंडीत उतरवली. सियाचेनच्या विरळ हवेत रोटरला आधार कमी मिळतो, इंजिनाचा जोर घटतो. वरच्या चौक्यांवर किती ओझं न्यायचं, हे त्या दिवसाची हवा ठरवते. तिथे वैमानिकाला जादा किलोचं उत्तर द्यावं लागतं. हे मनात असलं की हातात पुट्टी घेताना थांबायला होतं.

काम संपल्यावर मॉडेल काट्यावर ठेवलं. ४१० ग्रॅम भरलं. हे जास्तीचे १६० ग्रॅम कुठे आहेत, ते मला ठाऊक होतं. सांध्यांवरच्या जाड झाळीत, रंगाच्या एकावर एक हातांत, पुट्टीत आणि भरीव तारांच्या शेपटीत. खऱ्या चीताची शेपटी पोकळ नळ्यांची आहे, मी सोयीसाठी भरीव तार घेतली होती. बाहेरून फरक दिसत नाही. पण तो काट्याला दिसला आणि मलाही.

प्लायवूडवर आराखडा पुन्हा चिकटवला आहे. या वेळी दीड मिलिमीटरची पोकळ पितळी नळी घेतली. ती तारेपेक्षा लवकर तापते, म्हणून कापूस जास्त लागतो. जुनी शेपटी एकतीस ग्रॅमची होती. कालच नवी काट्यावर ठेवली. सतरा.