हा कुठला महिना?

गेल्या वर्षी नात्यातल्या एका निकाहात जेवणं चालू असताना दूरच्या एका खालांनी आमच्या अम्मीला विचारले, "हल्ली कुणाकडे असतेस गं?" अम्मी जरा थांबली. मग आमच्याकडे वळून तिने विचारले, "हा कुठला महिना?"

खाला हसल्या. आम्हाला मात्र घास गिळवेना.

आम्ही तिघे भाऊ. अब्बांच्या इंतिकालनंतर आम्ही बसून अम्मीच्या पाळ्या ठरवल्या होत्या. चार महिने मिरजेला, चार कोल्हापूरला, चार पुण्याला. कुणा एकावर भार नको आणि कुणाची तक्रारही नको, असा साधा हिशेब. अम्मीला मात्र कुणी विचारले नाही. पाळी संपली की तिची एक बॅग निघायची. त्यात दोन-तीन साड्या, औषधांची पिशवी, जानमाज, तसबीह आणि अब्बांचा जुना चष्मा. अम्मी उपाशी नव्हती, तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. लोक आमची उदाहरणे देत. आम्हीही स्वतःला आज्ञाधारक मुलेच समजत होतो.

त्या रात्री आम्ही तिघे बऱ्याच दिवसांनी एकत्र बसलो. बोलता बोलता विषय मिरजेच्या घराकडे गेला. अब्बांच्या मागे शरीअतप्रमाणे घराचे आठ भाग होत होते. एक अम्मीचा, एक आपाचा आणि आम्हा तिघांचे दोन-दोन. पण वारस नोंदीच्या वेळी आम्ही अम्मी आणि आपा दोघींचीही हक्कसोडपत्रावर सही घेतली. "कागदांची कटकट नको" असे आम्ही म्हणालो आणि अम्मीने चष्मा न लावताच सही केली. अल्लाहने ठरवून दिलेला वाटा आम्ही दहा मिनिटांत तिच्या हातातून काढून घेतला. त्यानंतरच ती प्रत्येक घरात पाहुणी झाली, हे तोवर आमच्या ध्यानातच आले नव्हते.

सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आई-वडिलांना 'उफ'सुद्धा म्हणू नये, अशी ताकीद आहे. ही आयत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि तिचा अर्थ जिभेपुरता धरून बसलो. त्याच ठिकाणी त्यांच्यासाठी दुआ करायला शिकवले आहे आणि त्यांनी आपल्याला लहानपणी वाढवले याची आठवण करून दिली आहे. अम्मीने आम्हाला पाळ्या लावून वाढवले नव्हते.

मोठ्यांचा मान घराच्या उंबऱ्याशीही संपत नाही. इमाम अबू यूसुफ यांच्या किताबुल खराजमध्ये हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आहे. दारोदार मागणारा एक वृद्ध, अंध यहुदी त्यांना दिसला. त्यांनी त्याला घरी नेऊन काही दिले आणि त्याच्यासारख्यांची सोय बैतुलमालमधून करण्यास सांगितले. तारुण्यात त्याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी त्याला वाऱ्यावर सोडायचे, हा इन्साफ नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. धर्म कुठला हे त्यांनी आड येऊ दिले नाही. म्हणजे वृद्धांची देखभाल हा उपकार नाही, तो त्यांचा हक्क आहे.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. स्वतःचा खर्च भागवू न शकणारे आई-वडील प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. मुलगा आणि मुलगी दोघांवरही जबाबदारी येते. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. म्हणून घर मुलांच्या नावे करायचेच असेल, तर ही अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. मुलांवर विश्वास असला तरी लिहावी. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला कुरआननेच शिकवले आहे. त्यात अविश्वास नसतो.

ज्यांना कुणीच नाही अशा 65 वर्षांवरील गरजूंसाठी श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. पण अंगठा न उमटणाऱ्या, कागद हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथवर नेणार कोण? जुम्म्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातली दोन पोरे तासभर बसली, तरी कितीतरी अर्ज भरून होतील.

आम्ही काय केले तेही सांगायला हवे. आम्ही अम्मीसमोर बसून चूक कबूल केली आणि तिचा हिस्सा परत तिच्या नावे करू म्हणालो. ती म्हणाली, "आधी तुमच्या आपाचा द्या. ती कधी मागणार नाही." दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मुद्रांक शुल्क भरून दोघींचेही हिस्से आम्ही बक्षीसपत्राने परत केले. खर्च झाला, पण हा खर्च मुळात आमच्याच हावेने ओढवला होता.

मग आम्ही तिला पहिल्यांदाच विचारले, "अम्मी, तुला कुठे राहायचंय?" तिने मिरजेचे घर सांगितले, अब्बांची खोली. आता ती तिथेच असते. थोरले भाऊ-भाभी सोबत आहेत, आणि जाणे-येणे आम्ही करतो. कोल्हापूरला किंवा पुण्याला ती येते ती नातवंडांची आठवण आली म्हणून, मनाला वाटेल तेव्हा.

परवा ती पुण्याला आली. बॅग उघडली तर त्यात चष्मा नव्हता. आम्ही विचारले, तेव्हा ती सहज म्हणाली, "तो घरी ठेवलाय."

'घरी' हा शब्द तिच्या तोंडून आम्ही कितीतरी दिवसांनी ऐकला. वाचक भगिनी-बांधवांनो, आपल्या घरातली म्हातारी माणसे हा शब्द कधी उच्चारतात का, एकदा कान देऊन ऐका. अल्लाह आपल्या सर्वांना त्यांची खिदमत करण्याची आणि त्यांचा हक्क त्यांच्या हयातीतच देण्याची तौफीक देवो. आमीन.