लेक पुढे, आम्ही मागे: दक्षिण इटलीत सायकलवर सहा दिवस



हाफ टर्मला इटलीत नक्की कुठे गेला होतात, असं विचारणारे मेसेज अजून येतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगते, मी सायकलवाली बाई नाही. मी सी.ए. आहे. दिवसाचे दहा तास खुर्चीत, आणि ३१ जानेवारीची रिटर्नची तारीख जवळ आली की बारा. इंग्लंडमध्ये येऊन अठरा वर्षं झाली, त्यात मी सायकलला हात लावला नव्हता. लेकीची सायकल होती, ती बागेतल्या शेडमध्ये गंजत पडली होती, आणि त्याचं कारण मीच. शाळा दोन मैलांवर, पण मध्ये एक मोठं राउंडअबाउट आहे आणि सकाळी तिथे लॉऱ्यांची रांग असते. "सायकलने जाऊ का?" असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. मग दर वर्षी हेच उत्तर. आता ती चौदाची आहे, आणि या सप्टेंबरला तिने विचारलंच नाही. ते मला जास्त लागलं.

कारण मी स्वतः बार्शीत पाचवीपासून सायकलवर होते. तासाला एक रुपया भाड्याची, माझ्यापेक्षा उंच, आधी हाफ पॅडल मारत. नववीत आम्ही तिघी मैत्रिणी घरी न सांगता वैरागपर्यंत जाऊन आलो होतो. बाबांना कळलं असणारच, पण ते एका शब्दाने बोलले नाहीत. हा किस्सा मी आजवर शंभर वेळा सांगितला असेल, की आमचे बाबा किती धीराचे. आणि तीच मी इथे पोरीला दोन मैल सोडत नाही.

शेवटी नवऱ्यानेच मार्ग काढला. म्हणाला, "जिथे गाड्याच नाहीत तिथे जाऊ. मग तर तुझं काही म्हणणं नाही ना?"

तर असं पुलिया. इटलीचा नकाशा बुटासारखा धरला तर टाच. आम्ही घड्याळं मागे जायच्या आधीच्या आठवड्यात गेलो. ऊन अंगाला लागत नाही, शेतं रिकामी झालेली असतात, आणि समुद्रावरची गर्दी केव्हाच परतलेली असते. बारीला उतरून छोट्या गाडीने मातेरा. ही गाडी नॅरोगेज आहे! फोनवर बाबांना सांगितलं तर ते मातेरा विसरले आणि बार्शी लाइट रेल्वेवरच दहा मिनिटं बोलले.

मातेरा हे दरीच्या कडेला दगडात कोरलेलं गाव. तिथल्या गुहांमध्ये माणसं खेचरांसकट राहायची. १९५२ मध्ये सरकारने कायदा करून सुमारे पंधरा हजार लोकांना तिथून नव्या वसाहतींत हलवलं. तेव्हा हे गाव देशाची लाज मानलं जायचं. १९९३ मध्ये तेच युनेस्कोच्या यादीत आलं आणि २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. आता त्या गुहांमध्ये हॉटेलं आहेत. आम्हीही अशाच एकीत राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला तिथे झोप नीट लागली नाही.

सायकली तिथेच भाड्याने घेतल्या. माझी इलेक्ट्रिक, हसायचं नाही. बॅगा रोज गाडीने पुढच्या मुक्कामी पोचायच्या. मातेरा, ग्राविना, आल्तामुरा, मग आल्बेरोबेल्लो, लोकोरोतोंदो, चिस्तेर्निनो आणि शेवट ओस्तुनी. सहा दिवसांत पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे रोज सरासरी तीस. आमच्यासारख्यांना पुरे.

पहिले दोन दिवस मुर्जाचं पठार. ओसाड, पांढऱ्या दगडांचं, मध्येच नांगरलेला गव्हाचा पट्टा, लांबवर मेंढ्या. लेक म्हणाली, "आई, इथे काहीच नाहीये." मला मात्र अगदी घरी आल्यासारखं वाटलं. मेंढ्यांजवळ मोठी पांढरी कुत्री असतात आणि ती पाळीव वागणुकीची नसतात. ती आली की सायकलवरून उतरायचं, सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये धरायची आणि हळूहळू चालत लांब जायचं. पळायचं नाही. आम्हाला एकदाच वेळ आली, नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आल्तामुराचा पाव मात्र विसरू नका. कडक गव्हाचा, जाड सालीचा, दोन दिवस सहज टिकतो. शाकाहारी मंडळींसाठी सांगते, तिकडे सुक्या बाकल्याचं घोटलेलं, पिठल्यासारखं काहीतरी करतात आणि वर कडसर पालेभाजी आणि ऑलिव्हचं तेल. आम्ही चार वेळा मागवलं. फक्त एक लक्षात ठेवा. दुपारी एक ते साडेचार-पाच गावं चिडीचूप बंद असतात आणि रात्रीचं जेवण आठच्या आत मिळत नाही. मुलं बरोबर असतील तर दुपारचं आधीच बांधून घ्या.

आल्बेरोबेल्लोच्या टोपीसारख्या छपरांच्या घरांचे, त्रुल्लींचे फोटो सगळ्यांनी बघितलेच असतील. पण मला आवडली ती त्यांच्यामागची गोष्ट. नापोलीच्या राज्यात नवी वस्ती वसवायची तर राजाची परवानगी आणि त्यावर कर. तिथल्या काउंटला कर भरायचा नव्हता. म्हणून म्हणे त्याने शेतकऱ्यांना सांगितलं, घरं बांधा पण चुना-माती लावायची नाही, नुसते दगड रचा. तपासणीला माणूस येतोय कळलं की छप्पर उतरवायचं, म्हणजे घरच नाही, म्हणजे करही नाही! वीस वर्षांत मी बरेच टॅक्स प्लॅनिंग बघितले, पण मालमत्ताच मोडून ठेवणारं पहिलंच. यात काउंटचा कर वाचला आणि छप्पर गेलं रयतेचं, हेही आहेच. १७९७ मध्ये राजाने गावाला काउंटच्या हातून सोडवलं, तेव्हा कुठे हे थांबलं.

तिथून पुढे इत्रियाचं खोरं. नावालाच खोरं, आहे पठारच. लाल माती, दगडी बांध, द्राक्षं, बदाम, मध्येच एखादं त्रुल्लो. बांधाबांधाने जाणारे इतके अरुंद रस्ते की तासाभरात दोन गाड्या दिसल्या तर पुष्कळ. कडेला फड्या निवडुंग, लाल बोंडांनी लगडलेला. इटालियनमध्ये त्याला 'भारताचं अंजीर' म्हणतात. मूळचा मेक्सिकोचा, कोलंबसच्या चुकीने तोही आपल्यासारखाच भारतीय ठरला.

आणि मग ती पाण्याची वाट, जिच्यासाठी खरं तर आम्ही गेलो होतो.

पुलियात चुनखडीचा दगड. पाऊस पडतो तो सरळ खाली जिरतो, नदी म्हणावी अशी जवळपास नाहीच. शेकडो वर्षं लोक छपरावरचं पाणी टाक्यांत साठवून प्यायचे. मग १९०६ मध्ये काम सुरू झालं. कापोसेले गावाजवळ सेले नदीचे झरे आहेत. ती नदी पश्चिमेच्या समुद्राला जाते. तिचं पाणी अपेनाइन डोंगराखालून बोगद्याने पूर्वेला आणलं आणि १९१५ च्या एप्रिलमध्ये ते बारीच्या चौकात कारंज्यातून उडालं. पुढे ते टाचेच्या टोकापर्यंत गेलं. या कालव्याच्या देखभालीसाठी जो रस्ता केला होता त्याचा काही भाग आता सायकलींसाठी मोकळा आहे. सगळा नाही बरं का, गुगलवर पाचशे किलोमीटर वाचून निघू नका. आम्ही गेलो तो चिस्तेर्निनोजवळच्या फिगात्सानोपासून चेल्येच्या दिशेचा तुकडा. पांढऱ्या खडीचा रस्ता, गाड्यांना बंदी, जिथे दुसरा रस्ता आडवा येतो तिथे फाटक. पाणी पंपाशिवाय, आपल्या ओढीनेच वाहतं, त्यामुळे वाटेला चढ जवळजवळ नाहीच. मध्येच ओहोळावरून दगडी पूल जातो, आणि तुम्ही ज्यावरून जाताय त्याच्या पोटातून कुणाचं तरी संध्याकाळचं पाणी चाललेलं असतं.

तिथे मी लेकीला म्हटलं, "जा पुढे. फक्त प्रत्येक फाटकापाशी थांबायचं." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पासवर्ड सांगितला. आणि गेली. पहिल्या फाटकापाशी थांबली होती. दुसऱ्या फाटकापाशीही. तिसऱ्यापाशी नव्हती.

फोन करायला गेले तर तिचा फोन माझ्याच पिशवीत, पॉवर बँकला लावलेला. नवरा म्हणाला, "पुढच्या फाटकापर्यंत गेली असेल, बघून येतो." तो गेला. मी थांबले. मंडळी, वाईट काय होऊ शकतं याची आधीच तरतूद करणं हे माझं काम आहे, त्याचे मला पैसे मिळतात. त्या फाटकापाशी दहा मिनिटांत मी केवढ्या तरतुदी केल्या ते इथे लिहीत नाही. इतकी शांतता होती की लांबच्या झाडावरचा पक्षी ऐकू येत होता, आणि मला पहिल्यांदाच एखादी गाडी यावी असं वाटलं. गाडी म्हणजे माणूस तरी, विचारता आलं असतं.

नवरा एकटाच परत आला. मग आम्ही मागे फिरलो. एका बाजूच्या बोळाच्या तोंडाशी, दगडी बांधावर, तिचं पिवळं जॅकेट व्यवस्थित पसरून वर दगड ठेवलेला. येताना मी त्याच्या अगदी जवळून गेले होते. ती पुढे दिसते का बघत होते, म्हणून हाताजवळचं दिसलं नाही.

बोळाच्या टोकाला घर, अंगणात ऑलिव्हच्या झाडाखाली जाळी पसरलेल्या, एक आजी-आजोबा, आणि माझी लेक बादलीपुढे उकिडवी बसून पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होती. टायरमध्ये काय होतं सांगू? सराटा! तोच, बार्शीचा, अनवाणी पायात जायचा तो. मी तो तळहातावर घेऊन बघतच राहिले. चाळीस मिनिटं झाली होती. मला ओरडायचं होतं, तोंडातून निघालं, "पॅच कुणी दिला?"

"माझ्याकडे होता," ती म्हणाली. "बाबाने दाखवलं होतं. आई, जॅकेट ठेवलं होतं ना, दिसलं नाही तुला?"

आजीने मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, बदाम भरलेलं सुकं अंजीर हातात ठेवलं. फोनवरच्या भाषांतरातून थोडं बोलणं झालं. मुलगा जर्मनीत, नातवंडं तिकडचीच, नाताळला येतात. त्यांनी बोटं मोजून दाखवली, बावीस वर्षं. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, तू? मी अठरा दाखवली. त्या "मम्मा?" म्हणाल्या. मी मान हलवली, आई गेली. "पप्पा?" म्हटलं, आहेत, तिकडे. त्यांनी आणखी एक अंजीर दिलं.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल केला. बार्शीत साडेनऊ वाजले होते, जेवण उरकून बसले होते. ते आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात, त्यामुळे पहिला प्रश्न, "ढाळ किती दिलाय?" मग म्हणाले, "पश्चिमेचं पाणी पूर्वेला. आपण अजून भाषणातच ऐकतोय." लेकीने त्यांना सराट्याची सगळी गोष्ट सांगितली, तिच्या मराठीत, मधे मधे इंग्रजी घालत, आणि शेवटी म्हणाली, "आजोबा, आई खूप घाबरली. पण तुम्ही तर घाबरला नव्हतात ना, आई वैरागला गेली होती तेव्हा?"

बाबा गप्प झाले. म्हणाले, "कधी गेली होती वैरागला?"

त्यांना माहीतच नव्हतं! तीस वर्षांनी कळत होतं. आईला माहीत होतं, एका मैत्रिणीच्या आईने सांगितलं होतं, आणि तिने बाबांना सांगितलं नाही. "सांगितलं असतं तर मी सायकल कुलपात ठेवली असती," बाबा म्हणाले. "तू लंडनला गेलीस तेव्हाही मी आठवडाभर जेवलो नव्हतो नीट. तुझ्या आईची ताकीद होती, फोनवर काही बोलायचं नाही." आणि मग लगेच, "बरं, ते पाणी शुद्ध कुठे करतात?"

मी फोन लेकीकडे दिला आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी ओस्तुनी. टेकडीवरचं पांढरं गाव आणि खाली समुद्रापर्यंत जुन्या ऑलिव्हचं रान, एकेक खोड पिळून ठेवलेल्या धोतरासारखं. इथून दक्षिणेला २०१३ पासून एका जिवाणूच्या रोगाने अशी लाखो झाडं वाळली आहेत, त्यामुळे जे उभं आहे ते बघताना जरा हुरहुर लागते. लेक सगळ्यांत पुढे होती. फाटकं नव्हती, पण प्रत्येक वळणावर ती थांबून मागे बघायची, आणि मी दिसले की निघायची.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नकाशावर एस.एस. किंवा एस.पी. लिहिलेले रस्ते शक्यतो टाळा, तिथे गाड्या जोरात असतात. मातेरातून बाहेर पडतानाचा भाग आम्हाला आवडला नाही, मुलं लहान असतील तर सुरुवात आल्बेरोबेल्लोपासून करा. जास्तीच्या दोन ट्यूब प्रत्येकी, सराट्यांमुळे. सरळ रस्ता आहे म्हणून फोन आईच्या पिशवीत ठेवायचा नाही. खर्चाची एक्सेल तयार आहे (अर्थातच), हवी असेल त्यांनी मेसेज करा.

राउंडअबाउटचं अजून मिटलेलं नाही, ते माझ्याच्याने होत नाहीये. पण परवा शनिवारी ती कालव्याकाठच्या वाटेने लायब्ररीत गेली, एकटी, साडेतीन मैल. मी घरी होते. किटली तीनदा उकळली, चहा एकदाही केला नाही. बाबांना मात्र कळवलेलं नाही.