खुर्चीचे सोयरे

महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांत पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा, आणि त्या मतदारसंघातले पहिले मतदान केंद्र मणिबेलीचे. सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या काठी वसलेले हे आदिवासी गाव. मान पहिला; पण वाट अशी की मतदानाचे सामान आणि माणसे पाण्यावरून न्यावी लागतात!

हे नाव मी प्रथम ऐकले ते माझ्या एका वर्गमित्राच्या तोंडून. काही वर्षे तो या भागात सरकारी अधिकारी होता. राहायला बंगला, दाराशी जीप आणि जलाशयाकाठच्या गावांना जाण्यासाठी होडी. मग काय विचारता! कॉलेजात ज्यांनी त्याला कधी अर्धा कप चहा पाजला नव्हता, त्यांनाही त्याची आठवण येऊन उचक्या लागू लागल्या. २०१८ साली धरणापाशी केवडियाला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, तेव्हा तर या स्नेहाला महापूर आला. जो तो सहकुटुंब येई, बंगल्यात उतरे आणि जीप कधी सुटेल ते विचारी. असतील शिते तर जमतील भुते, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच नाही म्हटले.

गंमत पाहा. आदिवासी भागात नोकरी करणाऱ्या सरकारी नोकरांना एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्याची सोय २००२ सालापासून आहे. पण त्या वाढीव पगाराच्या ओढीने डोंगरातल्या शाळामास्तरांकडे कोणी पाहुणा गेल्याचे ऐकिवात नाही. पगार एकट्याच्या खिशात जातो. जीपमध्ये मात्र चौघांना बसता येते!

पुढे मित्राची बदली झाली. वाट्याला आले शहरातल्या कचेरीतले एक टेबल आणि भाड्याच्या दोन खोल्या. पाहुण्यांचा राबता एका महिन्यात आटला. दिवाळीला चार पत्रे येत, तीही थांबली. तो हसून म्हणे, "अरे, ते जीपला भेटायला येत होते. मी आपला मध्ये बसलेला असे." हसू ओठांवरच होते, एवढे मला कळले.

त्यानंतर मी मणिबेलीला गेलो. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात प्रथम शिरले ते याच गावात, १९९३च्या पावसाळ्यात. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झालेला नव्हता; हा मुलूख धुळ्यात मोडे. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले आणि देव गुजरातेत गोऱ्याच्या नव्या देवळात राहायला गेला. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संस्थांनी जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे अशी मागणी केली; त्या जाहीरनाम्याला नाव दिले मणिबेलीचे. इतके जगप्रसिद्ध झालेले गाव; पण प्रसिद्धीचे पाहुणेही बंगल्यावरच्या पाहुण्यांसारखेच, कधीतरी उठून जायचे. काही कुटुंबे गुजरातेत वसली. उरलेली पाण्याबरोबर डोंगर चढत गेली. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला, तेव्हाही काही जण इथेच होते.

टेकडीवरच्या एका झोपडीत म्हाताऱ्या यजमानांनी कोरा चहा दिला. मी कोणाचा मित्र ते सांगताच त्यांचा चेहरा उजळला. साहेबांचा गुडघा दुखायचा तो बरा झाला का? धाकटी मुलगी परीक्षेत पास झाली का? नव्या गावी झोप लागते का? मित्राच्या हातात आता यांचे एकही काम उरले नव्हते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी प्रश्न संपेनात.

"साहेबांना एकदा घेऊन या," निघताना ते म्हणाले.

मी म्हटले, "बाबा, त्यांच्याकडे आता जीप नाही, होडीही नाही."

म्हातारा माझ्याकडे नवलाने पाहत राहिला. मग म्हणाला, "त्यात काय? होडी आम्ही आणू."