मानपत्र आणि नेमणूक

काशीचा बालाजी घाट हा पेशव्यांच्या धर्मदायाचा अवशेष. आणि तेथील मंदिराच्या नगारखान्यात बालवयातील बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनईचा रियाज केला, म्हणून त्याचे नाव संगीताच्या इतिहासात रुजू झाले. परंतु ठुमरीचा अभ्यासक या नात्याने मला त्या नगारखान्याहून तिकडे जाणाऱ्या वाटेचे अगत्य अधिक वाटते. कारण रसूलनबाई आणि बतूलनबाई या भगिनींचे गाणे जिथून कानी पडे, तीच वाट आपण मुद्दाम धरीत असू आणि सुरांची पहिली गोडी आपणांस तेथेच लागली, असे खाँसाहेबांनीच सांगून ठेवले आहे.

1902 साली मिर्झापूरनजीकच्या कछवा बाजारात एका निर्धन घरी जन्मलेल्या रसूलनबाईंना प्रथम उस्ताद शम्मू खाँ यांची आणि पुढे आशिक खाँ व नज्जू खाँ या सारंगियांची तालीम लाभली. टप्पा गायकीवर घडलेल्या त्यांच्या गळ्यातील दाणेदार हरकती ठुमरीत आल्या, की विस्तारास भारदस्तपणा येई आणि तरीही शब्दाचे मार्दव ढळत नसे. बोलबनावाच्या ठुमरीत गायिका एकच शब्द आधी आर्जवाने, मग रुसव्याने, मग कोमल ऋषभावर किंचित रेंगाळून उच्चारते, आणि अखेरीस तबलजीने लग्गी सुरू केली म्हणजे इतका वेळ आवरून धरलेली लय एकाएकी मोकळी होते. या पूरबी ढंगाची चव महाराष्ट्राला रंगभूमीने लावली. 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी तिकडच्या ठुमरी-कजरीच्या चाली आणल्या, त्या आपल्या आजोबा-पणजोबांनी ‘वन्समोअर’ देऊन डोक्यावर घेतल्या.

रसूलनबाईंच्या चरित्राशेजारी मी नेहमी अमेरिकेतील सोप्रानो गायिका रोझा पॉन्सेल यांचे चरित्र ठेवून पाहतो. 1897 साली मेरिडेन या गावी, इटलीहून आलेल्या कुटुंबात जन्मलेल्या रोझा यांनीही थोरल्या बहिणीच्या, कार्मेलाच्या, जोडीने गायनास आरंभ केला. आणि तोही चित्रपटगृहांत व विविध करमणुकीच्या फडांत, ज्यांकडे प्रतिष्ठित संगीतिकागृहे नाक मुरडूनच पाहत. तथापि 15 नोव्हेंबर 1918 रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रंगमंदिराने या एकवीस वर्षांच्या मुलीस व्हेर्दींच्या संगीतिकेत खुद्द विख्यात टेनर कारूसोंसमोर नायिका म्हणून उभे केले, आणि आधीचा फड तिच्या आड आला नाही. 1937 साली त्या रंगभूमीवरून निवृत्त झाल्या. त्यानंतरही 1954 साली ध्वनिमुद्रण कंपनी आपली यंत्रे घेऊन बाल्टिमोरजवळच्या त्यांच्या घरी गेली, आणि बाल्टिमोरच्या संगीतिकासंस्थेची कलाविषयक सूत्रे हाती असताना जेम्स मॉरिस यांच्यासारखा गायक त्यांच्या तालमीत तयार झाला.

इकडे संस्थाने विलीन होत होती, जमीनदारी मावळू लागली होती, आणि रसूलनबाई जेथे गात तो कोठा, म्हणजे तवायफांच्या गाण्याची बैठक, हा शब्दच नव्या राष्ट्राच्या नीतिकल्पनांना असह्य झाला होता. 1948 साली रसूलनबाईंनी मुजरा थांबवला व कोठा सोडला. 1957 साली संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला, आकाशवाणीवरून त्यांचे गाणे होई, नैनादेवींसारखी शिष्या त्यांच्याकडे आली. परंतु 1969 च्या दंगलीत अहमदाबादेतील त्यांचे घर जळाले आणि अलाहाबादेत, जेथून आपला आवाज प्रक्षेपित होई त्या आकाशवाणी केंद्राशेजारी चहाचे लहानसे दुकान चालवून गुजराण करण्याची पाळी त्यांच्यावर आली. 15 डिसेंबर 1974 रोजी त्या निवर्तल्या.

या दोघींतील अंतर मी प्रतिभेच्या खात्यावर मांडीत नाही, केवळ दैवाच्या माथीही मारीत नाही. कोठा ही, तिची सर्व दुःखे व अन्याय जमेस धरूनही, तालीम देणारी, साथीदार पोसणारी आणि जाणता श्रोता घडवणारी एक व्यवस्था होती. ती मोडणे न्याय्य असेल, पण तिच्या ठायी दुसरी उभी करण्याची तजवीज सरकारने केली नाही. मानपत्र झालेल्या कार्याची पोच देते. विद्या पुढच्या पिढीच्या हवाली होण्यास नेमणूक, वेतन आणि शिष्यांना बसावयास एक खोली लागते. आजही वयोवृद्ध कलावंतांच्या सत्काराचे बेत घेऊन मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना शालीचा खर्च वाचवून दोन शिष्यांचे वर्षासन बांधून देण्यास सांगतो.