उरलेला श्वास

सुट्टीत पुण्याला गेले की कुणीतरी विचारतंच, "एवढा वेळ फुंकायचं म्हणजे दमसास जबरदस्त लागत असेल ना?" लागतो, पण माझं वाद्य ओबो, आणि ओबो वाजवणाऱ्याचा श्वास संपत नाही, तो उरतो. तोंडात धरायच्या रीडच्या दोन पात्यांमधली फट इतकी अरुंद असते की तिच्यातून हवा जेमतेम जाते. छाती भरलेलीच राहते, त्या हवेतला प्राणवायू मात्र वापरून झालेला असतो. जीव गुदमरतो तो भरल्या छातीनं. म्हणून आधी श्वास सोडायचा, मग घ्यायचा. दोन्हींना वेळ नसेल तर एका जागी नुसता सोडायचा आणि पुढच्या जागी घ्यायचा.

माझ्या स्वरलिपीच्या पानांवर त्यासाठी पेन्सिलीचे बाण असतात. खाली वळलेला बाण म्हणजे सोड, वर वळलेला म्हणजे घे. ही खूण मला माझ्या गुरूंनी दिली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकवायला लागल्यापासून २२ वर्षं मी ती पुढे देते आहे.

सर्वांत जास्त बाण आहेत संगीतकार रिचर्ड स्ट्राउसच्या ओबो कन्चेर्तोवर. १९४५मध्ये जॉन डी लॅन्सी नावाचा तरुण अमेरिकन सैनिक बव्हेरियात स्ट्राउसच्या घरी जात असे. तो मूळचा ओबोवादक, फिलाडेल्फियात मार्सेल ताब्युतोंचा शिष्य. ओबोसाठी कन्चेर्तो लिहावा असं कधी मनात आलं का, असं त्यानं एकदा विचारलं. स्ट्राउस एवढंच म्हणाले, "नाही." त्याच वर्षी त्यांनी तो लिहिला, वयाच्या ८१व्या वर्षी. सुरुवातीला चेलो चार स्वरांची छोटीशी हालचाल करतात, ओबो आत येतो आणि मग कितीतरी वेळ त्याला विसावाच नाही. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत अखंड फुंकत राहण्याची युक्ती बरेच वादक तिथे वापरतात. सनईच्या जोडीत सूर धरून बसणाऱ्यालाही तीच लागते. मीही ती शिकले. विद्यार्थ्यांना मात्र लगेच शिकवत नाही. गाणाऱ्या माणसाला जिथे थांबावंसं वाटेल, ती जागा आधी ऐकू यायला हवी.

रीडची गोष्ट याहून नाजूक. भूमध्य समुद्राकाठी, विशेषतः दक्षिण फ्रान्सच्या वार भागात, बोरूसारखं पोकळ, उंच गवत वाढतं. त्याची जेमतेम १० मिलिमीटर जाडीची कांडी चिरायची, आतून कोरून मधोमध ०.६ मिलिमीटरच्या आसपास आणायची, दुमडायची, बूच लावलेल्या ४७ मिलिमीटरच्या नळीवर दोऱ्यानं घट्ट बांधायची. मग सुरी. ताब्युतोंमुळे अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीत टोक, मध्य आणि पाठ असे तीन भाग वेगवेगळे तासतात. नुसती रीड फुंकून तिच्यातून 'सी' दोन सप्तकांत निघतो का, ते ऐकायचं आणि पुन्हा तासायचं. इतकं करून चांगली रीड टिकते दहा-पंधरा तास वाजवण्यापुरती. हिवाळ्यात घरं तापवली की हवा कोरडी होते. काल सुरेल वाजलेली रीड आज बोलत नाही. माझ्या आयुष्यातला वाजवण्याइतकाच वेळ या टेबलाशी गेला असेल.

सुरुवातीची काही वर्षं मी एक चूक करत राहिले. विद्यार्थ्याची रीड जड लागली की मी ती हातात घ्यायची, चार-सहा हात मारायचे आणि परत द्यायची. तास सुरेख व्हायचा. विद्यार्थी खूश, मीही खूश. पुढच्या आठवड्यात ती रीड मेलेली असायची आणि मूल दारात रिकाम्या हातांनी उभं असायचं. पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत माझ्याच सुरीवर वाजवत राहिलेली एक मुलगी मला आजही आठवते. तिचा सूर फार गोड होता. शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांत तिनं ओबो सोडला. तेव्हापासून माझी सुरी मी विद्यार्थ्यांच्या रीडला लावत नाही. शेजारी बसते, पातं कुठे जाड आहे ते बोटानं दाखवते. ऑडिशनच्या आदल्या दिवशी हे फार कठीण जातं, हात शिवशिवतात.

गेल्या वसंतात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा स्ट्राउस घेऊन आला. माझे बाण पुसून त्यानं कोरी प्रत केली होती. रीड त्याचीच, वरच्या स्वरांना थोडी खाली उतरणारी. तो वाजवू लागला. मी जिथे नेहमी श्वास सोडते, ती जागा आली आणि गेली. माझीच छाती दाटून आली. दोन बार पुढे, एका लांब स्वराच्या उतरणीवर, त्यानं ओठ किंचित सैल केले आणि आतली सगळी हवा हळूच सोडून दिली. तिथे थांबता येतं हे इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं.

त्यानं वाजवणं थांबवल्यावर मी त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि माझ्या पानावर त्या जागी खालचा बाण काढला.